घरच्या पागेचा दिवस : कामांचा क्रम कसा लावावा

शीळफाटा, ओवळे, मुरबाड रस्ता अशा ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या कडेच्या भागांत घरच्या जागेत एक-दोन घोडी बाळगणारी कुटुंबे अजूनही आहेत. कुणाची घोडी लग्नसराईत वरातीला जाते, कुणी मुलांच्या हौसेसाठी तट्टू घेतलेले असते. या घरांतून ऐकू येणारी तक्रार मात्र सारखीच असते : घोड्याला सगळे वेळेवर देतो, तरी त्याचे पोट बिघडते, पावसात खूर सडतात, मे महिन्यात तो मलूल होतो. प्रत्यक्ष जाऊन पाहिले की बहुतेक ठिकाणी कामे सगळी होत असतात, क्रम तेवढा चुकलेला असतो.

क्रमाला इतके महत्त्व का, हे आधी समजून घ्यावे. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने फार लहान, साधारण 8 ते 15 लिटरचे असते. त्यात आम्ल दिवसरात्र पाझरत राहते, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे चुकीच्या वेळी पोटात गेलेली वस्तू पुढेच सरकते किंवा तिथेच अडते. गाईम्हशींच्या गोठ्यावर वाढलेल्या माणसाला ही गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि चुका होतात त्या याच काळात.

पूर्वतयारी : घोडा आणण्याआधी, किंवा निदान मे संपण्याआधी

पहिली गोष्ट म्हणजे घोड्याचे वजन माहीत असणे, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर बसतो. काटा नसला तरी शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून, तंग (खोगिराचा पोटपट्टा) बसतो तिथून, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे ढुंगणाच्या, मागच्या टोकापर्यंतची लांबी घ्यावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि 11,880 ने भागावे. येईल ते अंदाजे वजन किलोत. घेर 160 आणि लांबी 150 असेल तर उत्तर सुमारे 323 किलो येते. महिन्यातून एकदा हे माप भिंतीवरच्या वहीत लिहून ठेवावे, कारण रोज पाहणाऱ्या डोळ्यांना घोडा वाळत चालल्याचे लवकर कळत नाही.

दुसरी गोष्ट चाऱ्याचा साठा. घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे 350 किलोच्या घोड्याला सव्वापाच ते सात किलो. रोज साडेसहा किलोने पावसाचे चार महिने धरले तर एका घोड्यामागे सुमारे 780 किलो गवत होते. नासधूस धरून 900 किलो मे महिन्यातच भरून ठेवावे. वाडा, शहापूर, मुरबाड बाजूचे दिवाळीच्या सुमाराला कापलेले डोंगरी गवत या कामाला चांगले. जुलैत घाईने मागवलेल्या गवताचा भरवसा धरू नये. एका पावसाळ्यात आम्ही तशा चाळीस गासड्या उतरवून घेतल्या. वरून पिवळ्याधमक दिसत होत्या, पण दोरी तोडून मधे हात घातला तर आतून गरम लागल्या आणि कुबट वासाची राखाडी पूड उडाली. त्या सगळ्या खतात गेल्या.

*तपासणी : प्रत्येक गासडी वापरण्याआधी मधोमध फोडावी, आत हात घालून ऊब पाहावी आणि वास घ्यावा. बुरशीचा जरा जरी संशय आला तरी ती गासडी घोड्यापुढे टाकू नये. 'वरवरचे काढून आतले देऊ' हा विचार म्हशीसाठीही बरा नव्हे, घोड्यासाठी तर मुळीच नव्हे.*

आपल्या भागात हाताशी मिळतो तो भाताचा पेंढा, आणि नेमकी तिथेच चूक होते. पेंढ्यात पोषण फार थोडे असते. तो चिवट असल्याने पाणी कमी पिणाऱ्या घोड्याच्या आतड्यात त्याचा गोळा अडकण्याची भीती असते. पेंढा अंथरायला घ्यावा. घोडा तेच खात बसत असेल तर अंथरूण बदलून लाकडाचा भुसा घ्यावा, पण वखारीतला भुसा खिळे आणि ढलप्यांसाठी चाळून घ्यावा.

तिसरी गोष्ट जागा. एका घोड्याला 12 फूट बाय 12 फूट जागा असावी. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून ती बाजू बंद करावी, पण छताखाली दीड-दोन फुटांची फट मोकळी ठेवावी. जूनच्या पहिल्या सरीबरोबर चारही बाजूंनी निळी ताडपत्री आवळून टाकण्याची पद्धत घातक आहे. आत मुताचा वास कोंडतो आणि घोडा खोकू लागतो. उभ्या माणसाला तो वास जाणवत नाही, पण घोड्याचे नाक चारा खाताना जमिनीजवळ असते. तपासायचे असेल तर तबेल्यात उकिडवे बसून, नाक जमिनीपासून दोन फुटांवर आणून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर हवा कोंडली आहे असे समजावे.

आवारातली झाडेही याच वेळी पाहून घ्यावीत. महामार्गाच्या दुभाजकांत आणि सोसायट्यांच्या कुंपणात सर्रास लावलेली कण्हेर घोड्याला मारक आहे, आणि तिची पाने वाळल्यावरही तितकीच विषारी राहतात. छाटणी केलेला पाला कुणी 'घोड्याला घाला' म्हणून आणून टाकला तर तो आत येऊ देऊ नये. घाणेरी आणि एरंडही कुंपणाच्या आत नसावेत.

औषधपेटीत दोरी बांधलेला थर्मामीटर, सलाइनची बाटली, पोव्हिडोन आयोडीन, कापूस, रुंद पट्ट्या आणि विजेरी असावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घोड्यांचा हात असलेल्या पशुवैद्यांचे दोन क्रमांक पेटीच्या झाकणावरच लिहिलेले असावेत. गावोगावचे बहुतेक पशुवैद्य दुभत्या जनावरांचे काम करतात, आणि परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत गाडीत घोडा चढवून नेणे शीळफाट्याच्या कोंडीत किती वेळ खाईल याचा नेम नाही. डॉक्टर घरी येऊ शकतील ना, हे घोडा ठणठणीत असतानाच विचारून ठेवावे. धनुर्वाताची लस दरवर्षी चुकवू नये, कारण घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. रेबीजच्या लसीचेही त्याच भेटीत विचारावे.

टप्पा 1 : पहाटेची पाहणी (पाच मिनिटे)

दार उघडण्याआधी बाहेरूनच पाहावे. घोडा उभा कसा आहे, चारही पायांवर भार सारखा आहे का, कान फिरताहेत का? मागचा एखादा पाय सैल टेकवलेला असणे ही विश्रांती असते. पुढचा पाय सारखा पुढे काढून उभा असेल तर मात्र दुखणे आहे. मग लीद मोजावी. निरोगी घोडा चोवीस तासांत आठ ते बारा वेळा लीद टाकतो, म्हणजे रात्रीतून तीन-चार ढीग दिसायला हवेत. ते जमिनीवर पडल्यावर फुटणारे, ओलसर गोळे असावेत. कोरडे, बारीक, चिकट आवरणाचे गोळे हा पाणी कमी पडल्याचा पहिला इशारा आहे.

नेहमीचे आकडे तोंडपाठ असावेत. शांत उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याचे तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला 28 ते 44 आणि श्वास 8 ते 16 असतो. दमट दिवशी श्वास थोडा वाढतो. नाडी जबड्याच्या खालच्या कडेवरून जाणाऱ्या शिरेवर दोन बोटे ठेवून मोजावी. घोडा बरा असताना आठवडाभर हे आकडे घेतले म्हणजे आपल्या घोड्याचे नेहमीचे काय ते कळते, आणि बिघाड ओळखायला पुढे तेच उपयोगी पडते.

*सावधान : आत जाताना आवाज द्यावा, डाव्या खांद्याच्या बाजूने जावे आणि दोर कधीही हाताभोवती गुंडाळू नये. दचकलेल्या घोड्याच्या झटक्यात त्या वेढ्याने बोटे तुटतात.*

टप्पा 2 : आधी पाणी, मग चारा, चंदी (दाणा) आत्ता नाही

सगळ्यात जास्त नुकसान या टप्प्यावर होते, म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये मला आठ-वीसची लोकल गाठायची होती. घाईत मी आमच्या घोडीला, सावळीला, उठल्याउठल्या चंदी घातली, गवत टाकायचे काम आईवर सोपवले आणि निघालो. बादली रात्रीच कोरडी पडली होती, तिकडे माझे लक्षच गेले नाही. साडेदहाला आईचा फोन आला : घोडी सारखी कुशीकडे वळून पाहते आहे, वरचा ओठ उलटा करते आहे, बसते आणि लगेच उठते. डॉक्टर दुपारी पोहोचले, नाकातून नळी घालून पोटावरचा ताण कमी केला, आणि संध्याकाळी सहाला तिने पहिली लीद टाकली तेव्हा आई तिच्याजवळच उभी होती. त्या दिवसापासून आमच्याकडे चंदीच्या डब्यावर बादली पालथी ठेवलेली असते. बादली उचलून भरल्याखेरीज डबा उघडताच येत नाही.

तर क्रम असा. बादली किंवा हौद घासून ताजे पाणी भरावे. मोठा घोडा दिवसाला 25 ते 50 लिटर पाणी पितो आणि उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. पाणी सतत पुढे असावे, पण किती प्यायला हे कळण्यासाठी मोजूनच भरावे. त्यानंतर दीड किलो कोरडे गवत टाकावे. ते चावताना लाळ सुटते, ती जठरातल्या आम्लाला थोपवते, आणि पुढच्या रपेटीत रिकाम्या पोटात आम्ल हिंदकळण्याचा धोका टळतो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात माळावर कोवळे हिरवे गवत उगवते आणि घोडा त्यावर तुटून पडतो. त्याला पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटेच चरू द्यावे आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वेळ वाढवावा. अचानक पोटभर चरलेल्या हिरव्या गवताने पोटही बिघडते आणि खुरांच्या आतल्या भागाला सूजही येऊ शकते. हाच आठ-दहा दिवसांचा नियम चाऱ्याच्या किंवा चंदीच्या प्रत्येक बदलाला लावावा.

टप्पा 3 : लीद आणि ओले अंथरूण काढणे

घोडा बाहेर बांधून हे काम करावे. बांधताना मोरखीलाच (तोंडावरच्या साध्या पट्ट्याला) दोर असावा, लगामाला कधीही नसावा. दोर घोड्याच्या पाठीच्या उंचीवर, हातभर लांबीचा आणि एका ओढीत सुटणाऱ्या गाठीने बांधलेला असावा. नुसती लीद उचलून भागत नाही. मुताने भिजलेला पट्टा खालपर्यंत उकरून काढावा, जमीन तासभर उघडी राहू द्यावी आणि मगच कोरडे अंथरूण पसरावे. उकिरडा तबेल्यापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला असावा, नाहीतर माश्यांचा बंदोबस्त कधीच होणार नाही.

टप्पा 4 : खूर आणि खरारा

खूर रोज दोनदा साफ करावेत, पावसाळ्यात तर कोणतेही निमित्त न काढता. लोखंडी आकडी टाचेकडून पुढच्या टोकाकडे ओढावी. उलट दिशेने ओढली तर मधल्या त्रिकोणी मऊ गादीला इजा होते. त्या गादीच्या दोन्ही बाजूंच्या खाचा तळापर्यंत मोकळ्या कराव्यात. तिथून काळा, कुजकट वासाचा द्रव येत असेल तर खूर सडू लागला आहे. तो धुऊन पूर्ण कोरडा करावा, घोडा कोरड्या जागी बांधावा, आणि दोन-तीन दिवसांत फरक दिसला नाही तर नालबंदाला किंवा डॉक्टरांना बोलवावे. मोरचूद किंवा फिनेल ओतण्याचा घरगुती उपाय जिवंत भाग भाजून काढतो, तो टाळावा.

खूर छाटणे किंवा नाल बदलणे सहा ते आठ आठवड्यांनी व्हायला हवे. 'नाल अजून घट्ट आहे' हे पुढे ढकलण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण नाल तशीच राहते आणि खूर वाढत जातो.

खरारा मानेपासून मागे, गोल गोल, मांसल भागांवर करावा. गुडघ्याखाली आणि तोंडावर मऊ ब्रशच वापरावा. हात फिरवताना बोटांना काय लागते याकडे लक्ष असावे. पावसात भिजणाऱ्या घोड्याच्या पाठीवर केसांच्या गुच्छांखाली बारीक खपल्या लागतात, टाचांच्या मागे भेगा पडतात. असे दिसले तर घोडा ओला राहणे आधी थांबवावे. ओल्या अंगावर खोगीर चढवू नये.

*तपासणी : पोटाखाली किंवा पायांवर दाबल्यावर खळगा राहणारी सूज, अधूनमधून येणारा ताप आणि उतरत जाणारे वजन ही लक्षणे एकत्र दिसली तर रक्ततपासणी करून घ्यावी. चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा रोग आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर दिसतो, आणि तो अंगावर काढण्यासारखा नसतो. नाकातून चिकट स्राव आणि कातडीवर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर घोडा वेगळा करून तत्काळ शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे, कारण ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो.*

टप्पा 5 : रपेट, आणि त्यानंतर गार करणे

मार्च ते जून आणि ऑक्टोबरात रपेट सकाळी साडेसातच्या आत संपवावी. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे घोड्याचे अंग आतून तापत राहते. पहिली दहा मिनिटे चाल, मग दुडकी, आणि परतताना शेवटची दहा मिनिटे पुन्हा चाल. कंटेनरची वर्दळ असलेल्या रस्त्यावर घोडा नेऊ नये. शेताची वाट लहान असली तरी तिच्याच चार फेऱ्या माराव्यात.

परत आल्यावर आधी तंग सैल करावा, सावलीत न्यावे आणि खोगीर उतरवावे. श्वास जोरात चालला असेल तर मान, छाती आणि मांड्यांवर साधे पाणी ओतत राहावे. एक बादली ओतून थांबल्याने काही साधत नाही, कारण ते पाणी अंगावरच गरम होते. थांबायचेच असेल तर हाताने ते निपटून टाकावे. 'घामेजलेल्या घोड्याला पाणी पाजू नये' हा समज जुन्या मोतद्दारांच्या (घोड्यांची निगा राखणाऱ्यांच्या) तोंडूनही ऐकू येतो. तो सोडून द्यावा. तहानलेल्या घोड्याला चालवता चालवता थोडे थोडे पाणी लगेच द्यावे. रोखायची असते ती चंदी.

टप्पा 6 : चंदी

रपेट संपून श्वास पूर्ववत झाल्यावर पुन्हा गवत टाकावे आणि तासाभराने चंदी द्यावी. हलक्या कामाच्या 350 किलोच्या घोड्याला दिवसाला दीड ते दोन किलो पुरते, आणि तीही दोन वेळांत विभागून. आमच्याकडे ओट जास्त, भिजवलेला हरभरा त्याच्या निम्मा आणि मूठभर गव्हाचा कोंडा असे मिश्रण असते. कोंडा स्वस्त म्हणून पाटीभर घालू नये. त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असल्याने दीर्घकाळात हाडे कमजोर होतात. रोज 30 ग्रॅम मीठ घालावे, घाम गाळणाऱ्या दिवसांत त्याहून थोडे जास्त.

हरभरा रात्री भिजत घातला की मे महिन्यात पहाटेपर्यंत आंबू लागतो. पाण्यावर फेस आला असेल किंवा दाणा बोटांत चिकट लागत असेल तर तो टाकून द्यावा. अशा दिवसांत संध्याकाळी भिजवून रात्री एकदा पाणी बदलणे सोयीचे.

*सावधान : कोंबड्यांचे खाद्य घोड्याला चुकूनही देऊ नये. त्यात काही वेळा घातलेले मोनेन्सिन हे औषध घोड्याचे हृदय निकामी करते. गाईम्हशींची पेंडही याच कारणाने, आणि युरियामुळेही, वेगळ्या खोलीत ठेवावी. बुरशी लागलेला मका मेंदूवर घाव घालतो. चंदीचे पिंप पत्र्याचे आणि घट्ट झाकणाचे असावे, कारण उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो आणि तो घोड्याला तसाच माणसालाही होतो.*

टप्पा 7 : पोट दुखू लागले तर

कुशीकडे पाहणे, पाय आपटणे, लोळणे, खाणे सोडणे, लीद बंद होणे यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या की पुढचा चारा आणि चंदी लगेच उचलावी, नाडी आणि ताप वहीत वेळेसकट लिहावा आणि डॉक्टरांना फोन करावा. फोनवर हेच आकडे सांगावेत. घोडा जोरात लोळून स्वतःला इजा करून घेत असेल तर त्याला सावकाश चालवावे. शांत पडून राहिला असेल तर पडू द्यावे. तासन्‌तास फरफटत चालवून तो फक्त थकतो.

हिंग, तेल, सोडा असे काही बांबूच्या नळीने घशात ओतणे ही सर्वांत घातक चूक आहे. मान वर करून ओतलेले तेल फुप्फुसात जाते, आणि मग पोटशूळातून वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो. घरात उरलेले वेदनाशामक इंजेक्शनही टोचू नये, कारण दुखणे झाकले गेले की डॉक्टरांना आतड्याला पीळ पडला आहे की नाही हे ओळखणे अवघड होते.

टप्पा 8 : संध्याकाळ आणि रात्रीची फेरी

दुपारचे गवत घरातल्या ज्येष्ठांकडे असेल तर त्यांना चंदीचे काम देऊ नये. पेंड्या मोजून ठेवाव्यात आणि 'आई, एक वाजता ही एवढीच टाकायची' असे सांगून जावे. संध्याकाळी सातला दुसऱ्यांदा खूर, मग पाणी, गवत आणि दुसरी चंदी, याच क्रमाने. रात्रीचा वाटा सर्वांत मोठा, अडीच किलोपर्यंत असावा, म्हणजे पहाटेपर्यंत पोट रिकामे राहत नाही. गणपती आणि दिवाळीच्या रात्री फटाके किंवा डीजे जवळ असेल तर घोडा बांधून ठेवू नये. बंद कप्प्यात मोकळा सोडावा, दिवा चालू ठेवावा आणि ओळखीच्या माणसाने जवळ थांबावे.

शेवटची फेरी दहाच्या सुमारास मारावी. बादली भरलेली आहे का, गवत निम्मे तरी खाल्ले आहे का, संध्याकाळनंतर ताजी लीद पडली आहे का, हे विजेरीने पाहावे. येऊर आणि ओवळ्याच्या बाजूला, जंगलाला लागून पागा असेल, तर बिबट्याचा वावर गृहीत धरून कप्प्याचे दार छतापर्यंत जाळीचे असावे आणि शिंगरू कधीही आवारात मोकळे ठेवू नये. दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या असाव्यात, कारण वरची कडी ओठाने सरकवायला घोडा पंधरा दिवसांत शिकतो. खालची कडी लावल्यावर दार एकदा हाताने ओढून पाहावे.